कट मारून गेलेला माणूस पुढच्या सिग्नलला भेटतो तेव्हा

चेंबूरकर | मंगळवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. इतके दिवस इथे नुसता वाचत होतो. आज लिहायला बसलो, कारण आठ दिवस झाले तरी एक गोष्ट मनातून जात नाही.

मी रोज चेंबूर ते परळ सायकलने ऑफिसला जातो. एका बाजूचं अंतर साधारण १२ किलोमीटर. तीन वर्षं झाली. सायन सर्कल, तिथून आंबेडकर रोड, किंग्ज सर्कल, दादर टीटी, हिंदमाता, परळ. पाऊस फार असेल तरच लोकल.

गेल्या मंगळवारी सकाळी किंग्ज सर्कल ओलांडून मी डाव्या कडेने चाललो होतो. उजवीकडच्या लेनमध्ये बस थांबलेली. मागून एक पांढरी गाडी माझ्या बरोबरीला आली आणि बस दिसताच सरळ डावीकडे, माझ्या अंगावर घेतली. तिच्या आरशाला माझ्या हँडलची मूठ घासली. 'टक्' एवढाच आवाज झाला. मी दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक सरकलं, डावा पाय फुटपाथच्या कडेला टेकला म्हणून पडलो नाही. मागून बाइक येत असती तर आज हे लिहायला नसतो.

गाडी थांबली नाही. मी जीव खाऊन पॅडल मारत दादर टीटीच्या सिग्नलला तिला गाठलं. सायकल तिच्यापुढे आडवी घातली, बॉनेटवर हात आपटला आणि ओरडायला लागलो. काच खाली झाली. साठीचे गृहस्थ होते. म्हणाले, "मला दिसलाच नाहीत हो तुम्ही." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. खरं बोलत होते, हे मला त्याच क्षणी कळलं. तरी मी थांबलो नाही. जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सिग्नल सुटला, मागे हॉर्न सुरू झाले, शेवटी एक टॅक्सीवाला उतरून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे ना भाऊ, वाचलास ना."

ऑफिसला पोचलो तर कुलपात किल्ली जाईना, इतका हात थरथरत होता.

माझे प्रश्न दोन. एक, असा कट बसतोच कशामुळे, माझं काही चुकतंय का? दुसरा, जास्त महत्त्वाचा: थोडक्यात वाचल्यानंतरच्या त्या दोन मिनिटांत तुम्ही काय करता? मला ती दोन मिनिटं सांभाळता येत नाहीत आणि एक दिवस त्यातच काहीतरी भलतं होईल याची भीती वाटते.

---

रानवारा | मंगळवार, रात्री ११.२०

आधी हे सांगा, लागलं नाही ना कुठे? पाय टेकवताना घोटा मुरगळला असेल तर आठ दिवसांनीही दुखतं, अंगावर काढू नका.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हात थरथरणं, तोंड कोरडं पडणं, छाती धडधडणं हे सगळं शरीर त्याचं काम करतंय म्हणून होतं. संकट दिसलं की अॅड्रिनलिन सुटतं आणि संकट टळल्यावर ते लगेच ओसरत नाही, काही मिनिटं घेतं. त्या वेळात नजर एकाच गोष्टीला चिकटते. तुमची त्या पांढऱ्या गाडीला चिकटली होती. किंग्ज सर्कल ते टीटी या पट्ट्यात बाजूने आणखी काय काय गेलं, ते आठवतंय का तुम्हाला? माझा अंदाज आहे, नाही आठवणार.

म्हणून माझं ऐका. हुकलं की पहिल्या सुरक्षित जागी थांबा. फुटपाथवर चढा, सायकल स्टँडला लावा, पाणी प्या. मग हँडल सरळ आहे का बघा, पुढचं चाक उचलून फिरवा, दोन्ही ब्रेक दाबून बघा. बघायचं ते सायकलसाठीच, पण हाताला काम मिळालं की श्वासही खाली येतो.

---

बिनधास्त | मंगळवार, रात्री ११.४१

चेंबूरकर, तुम्ही उगाच स्वतःला दोष देताय. तुमचा जीव जाणार होता. 'दिसला नाहीत' हे काय उत्तर झालं? सकाळच्या उजेडात धडधाकट माणूस दिसत नाही? आपण गप्प बसतो म्हणूनच हे लोक तसे चालवतात. मी तर सोडत नाही. अंधेरी-कुर्ला रोडवर रोज एक तरी जण माझं ऐकून घेतो.

---

मेघमुलुंड | बुधवार, सकाळी ६.०५

बिनधास्त, 'सोडत नाही' हे तुम्ही म्हणू शकता. मला ती सोय नाही.

मी मुलुंड ते विक्रोळी एलबीएस मार्गाने जाते. दोन वर्षांपूर्वी भांडुपच्या अलीकडे बाइकवरच्या दोघांनी कट मारला आणि मागे बसलेल्याने जाताना पाठीवर थाप मारली. मी मागून ओरडले. ते पुढे जाऊन थांबले. मग मी जिथे जाईन तिथे मागे, कधी बाजूला, कधी पुढे जाऊन हळू. असं कांजूरपर्यंत. रस्ता गजबजलेला होता, पण बाइकवरचे दोघं आणि सायकलवरची एक बाई यात काय चाललंय हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मी पेट्रोल पंपात शिरले. पंपावर कॅमेरे असतात, उजेड असतो, गणवेशातली माणसं असतात. हवा भरणाऱ्या काकांना सांगितलं, "हे दोघं माझ्या मागे लागलेत." त्यांनी काही न बोलता हातातली हवेची नळी खाली ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. बाइक निघून गेली. नंबर मी तळहातावर पेनने लिहून ठेवला होता. तिथूनच ११२ला फोन केला.

तेव्हापासून एवढं पाळते: मागे कुणी लागलं तर घराच्या किंवा ऑफिसच्या रस्त्याला वळत नाही. पंप, मेडिकलचं दुकान, पोलीस चौकी, जे आधी येईल तिथे शिरते. माझ्या रस्त्यावर अशा सहा जागा आहेत. कुठली कुठे ते पाठ आहे.

भांडण जिंकायला सायकल चालवत नाही मी. संध्याकाळी लेकीला क्लासमधून आणायला वेळेवर पोचायचं असतं.

---

गिरणगाव६० | बुधवार, सकाळी ७.३०

चेंबूरकर, तुमच्या पहिल्या प्रश्नावर बोलतो. दुसऱ्यावर इथे माझ्यापेक्षा शहाणी माणसं आहेत.

तुम्ही लिहिलंय 'डाव्या कडेने चाललो होतो'. किती डाव्या? कट बसला की तुमचा पाय फुटपाथला टेकला, याचा अर्थ तुम्ही कडेपासून हातभरही आत नव्हता. आपल्या सगळ्यांचा समज असतो की जितकं कडेला तितकं सुरक्षित. मी १९७९पासून या रस्त्यांवर सायकल चालवतोय, आणि माझा अनुभव नेमका उलटा आहे. तुम्ही कडेला चिकटलात की मागच्याला वाटतं, लेन रिकामी आहे, याच्या बाजूने निघून जाऊ. तुम्ही कडेपासून तीन-चार फूट आत, सरळ रेषेत चालवलीत तर त्याला ठरवावं लागतं: थांबायचं की नीट लेन बदलून पुढे जायचं. तो चिडेल, हॉर्न मारेल. हॉर्न मारतोय म्हणजे तुम्ही त्याला दिसलात.

दुसरं कारण, कडेला काय काय असतं ते बघा. गटाराच्या जाळ्या, त्यातल्या काहींच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच असतात, बारीक टायर सरळ आत जातो. काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक यांच्यामधली खाच. खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा. पावसात प्लेट म्हणजे साबण. या सगळ्यातून वाट काढायला तुम्ही सारखे आत-बाहेर होता, आणि मागच्याला तुमचा अंदाज येत नाही.

माझे वडील लोअर परळच्या गिरणीत होते, पाळीला सायकलनेच जायचे. याच आंबेडकर रोडच्या भागात तेव्हा ट्राम होती. शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली ती ३१ मार्च १९६४ला. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनसच. वडील सांगायचे, ट्रामच्या रुळात चाक अडकून माणूस पडला की मागून येणाऱ्याला ब्रेक मारायला वेळ नसायचा. म्हणून रूळ ओलांडायचा तो शक्य तितका काटकोनात, हँडल हलकं धरून, ब्रेक न दाबता. मला त्यांनी हे शिकवलं तेव्हा रूळ उखडून जमाना झाला होता. काँक्रीटची खाच आणि उड्डाणपुलावरचे सांधे मी आजही तसेच ओलांडतो.

आणि पाववाल्याकडे बघा. सकाळी सहाला कॅरिअरवर लाद्या रचून निघालेला माणूस. त्याला एकदम ब्रेक मारून चालत नाही, एकदम वळून चालत नाही. तो आधी मान मागे वळवतो, मग हात दाखवतो, मग सावकाश सरकतो. धारावीतून निघणारे इडलीवाले तसेच, डबेवाले तसेच. हेल्मेट नाही, भडक जाकीट नाही, तरी त्यांना कट मारायला गाडीवाला दोनदा विचार करतो, कारण त्यांची रेषा हलत नाही.

---

चेंबूरकर | बुधवार, दुपारी १.१५

काका, खरं सांगतो, आज मुद्दाम बघितलं. मी फुटपाथपासून जेमतेम एक फूट अंतरावर चालवतो. तीन वर्षांत कधी लक्षातच आलं नाही. पण तीन-चार फूट आत यायचं म्हटलं की मानेवर काटा येतो. मागून ट्रक असेल तर?

---

निवृत्त_चालक | बुधवार, दुपारी ३.५०

बेस्टमध्ये २८ वर्षं बस चालवली. सायकलवाल्यांबद्दल स्टेअरिंगमागून काय दिसतं ते सांगतो, उपयोग होईल.

१२ मीटरची बस. माझी सीट उजवीकडे. डाव्या हाताला पुढच्या दरवाज्यापाशी एक पट्टा असा असतो जो मला काचेतूनही दिसत नाही आणि आरशातही दिसत नाही. तिथे सायकल आली तर ती माझ्यासाठी नसतेच. दिसल्यावर मी तिला दाबेन असं नाही, दिसणारच नाही. गाडीलाही असं असतं, काचेच्या बाजूचा खांब माणसाला आख्खा झाकतो. म्हणून त्या गृहस्थांचं 'दिसला नाहीत' खोटं नसावं. बिनधास्त, सकाळच्या उजेडाने तो खांब पातळ होत नाही.

खूण सांगतो. आरशात तुम्हाला माझा चेहरा दिसला तर मलाही तुम्ही दिसता. नुसता आरसा दिसला तर उपयोग नाही.

आणखी दोन गोष्टी. बस स्टॉपला लागली की डावीकडून, बस आणि फुटपाथ यांच्या मधून कधीही जाऊ नका. तिथे माणसं उतरत असतात, ती सायकल बघायला थांबत नाहीत. उजवीकडून जायचं तर आधी बघा बस सुटतेय का, कारण सुटताना ती उजवीकडेच येते. आणि डावीकडे वळणाऱ्या बसच्या किंवा ट्रेलरच्या डाव्या बाजूला कधीच थांबू नका. पुढची चाकं मोठं वळण घेतात, मागची आत कापत येतात. तुम्ही उभे असता ती जागाच नाहीशी होते. सिग्नलला मोठ्या गाडीच्या मागे राहा नाहीतर स्पष्ट पुढे, ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर. बाजूला नको.

मागून येणाऱ्या ट्रकची भीती मला समजते. पण मधोमध, समोर दिसणारा सायकलवाला आम्ही सांभाळून घेतो, अर्धी लेन देऊन 'जा' म्हणणाऱ्याची आम्हाला भीती वाटते. फ्रीवेसारख्या वेगाच्या रस्त्यावर हे लागू नाही, तिथे तशीही सायकल नेता येत नाही. मी आंबेडकर रोडसारख्या सिग्नलच्या रस्त्याचं बोलतोय.

---

पायी_चालणारी | बुधवार, रात्री ९.१०

तुमचा धागा वाचला. सगळे मनापासून लिहिताय म्हणून मीही लिहिते, रागावू नका.

मागच्या महिन्यात दादर स्टेशनजवळच्या गल्लीत माझ्या आईला सायकलने धडक दिली. वय ६८. ती वन वे गल्ली आहे, म्हणून आई गाड्या येतात त्या बाजूला बघून ओलांडत होती. सायकल उलट्या बाजूने आली. मनगट मोडलं, प्लेट घातली. मला सर्वात जास्त लागलं ते हे की तो मुलगा पडल्यापडल्या आईवरच ओरडला, "बघून चाला ना आजी." आणि सायकल उचलून गेला.

तुम्हाला गाडीवाल्यांचा जसा धाक वाटतो, तसा आता आईला घंटीचा वाटतो. घंटी वाजली की ती जागच्या जागी थिजते. मी तिला रोज संध्याकाळी हात धरून शिवाजी पार्कला एक फेरी मारायला नेते.

---

मेघमुलुंड | बुधवार, रात्री ९.३५

रागावायचं काय त्यात ताई. वाईट वाटलं वाचून. आई आता कशी आहे? बोटं हलवता येतात का?

मी स्वतः दोनशे मीटर वाचवायला राँग साइडने गेलेली आहे. आता नाही जाणार.

---

गिरणगाव६० | बुधवार, रात्री १०.००

त्या मुलाने थांबून आजींना हात द्यायला हवा होता, रिक्षा-टॅक्सी करून द्यायला हवी होती. त्याच्या वतीने मी माफी मागून काही होत नाही, तरी मागतो.

सगळ्यांना सांगतो: चालणाऱ्याच्या पाठीमागे येऊन घंटी वाजवू नका. माणूस दचकून उडी मारतो, आणि कुठल्या बाजूला मारेल ते त्यालाही माहीत नसतं. लांबूनच एकदा वाजवा, वेग कमी करा, मग तोंडाने सांगा, "आजी, उजवीकडून येतोय." गर्दी असेल तर उतरून ढकला.

---

रानवारा | बुधवार, रात्री १०.१५

ताई, प्लेट घातली असेल तर सर्जनने परवानगी दिल्यावर मुठीत मऊ चेंडू दाबायचा व्यायाम सुरू करा. बोटं आखडू देऊ नका. आणि शिवाजी पार्कची फेरी अजिबात सोडू नका.

---

काळा_कोट | गुरुवार, सकाळी ११.२५

वकील आहे, अपघाताचे दावे बरेच चालवले आहेत. चेंबूरकर, तुम्हाला थोडं कडू बोलतो.

दादर टीटीला तुम्ही दोन गोष्टी केल्यात. सायकल आडवी घालून गाडी अडवली आणि बॉनेटवर हात आपटला. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १२६मध्ये एखाद्याची वाट गैररीत्या अडवणं हा गुन्हा आहे, आणि बॉनेटला पोचा पडला असता तर कलम ३२४खाली नुकसान केल्याची तक्रार झाली असती. म्हणजे किंग्ज सर्कलला तुम्ही फिर्यादी होतात, टीटीला पोचेपर्यंत आरोपी होऊ शकला असता. मधलं अंतर पाच मिनिटांचं.

कायदा तुमच्या बाजूनेही आहे. निष्काळजीपणे, भरधाव वाहन चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं कलम २८१मध्ये येतं. बेपर्वा कृत्याने दुसऱ्याचा जीव धोक्यात आणणं कलम १२५मध्येही येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये धोकादायक वाहन चालवणं येतं. अपघातात कुणाला लागलं तर चालकाने थांबून जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे कलम १३४मध्ये बंधनकारक आहे. मदत करणाऱ्या त्रयस्थाला संरक्षण देणारं कलम १३४अ २०१९च्या दुरुस्तीने आलं. तेव्हा पडलेल्याला उचलायला घाबरू नका.

धडक बसली आणि मोठी दुखापत झाली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. सायकलस्वाराला ती मिळते, लायसन्स नाही, विमा नाही म्हणून कुणी हाकलू शकत नाही. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तरी १ एप्रिल २०२२पासूनच्या योजनेत गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. हे कित्येक घरांना माहीतच नसतं. माझ्याकडे लोक वर्षभराने येतात, तोवर साक्षीदार गेलेला असतो, फुटेज पुसलेलं असतं.

नुसता कट बसला, लागलं नाही, तर? नंबर, वेळ, ठिकाण लिहा. व्हिडिओ असेल तर जपा. महाट्रॅफिक अॅपवर फोटोसह तक्रार करता येते. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचा माझ्या अशिलांना अनुभव असा की कॅमेरा लावल्यापासून त्यांची स्वतःची भाषा आधी सुधारते. रेकॉर्डिंग सोशल मीडियावर टाकायच्या आधी मात्र एक दिवस थांबा. समोरच्याचा चेहरा, घरची माणसं, नंबरप्लेट सगळं त्यात असतं.

---

बिनधास्त | गुरुवार, दुपारी १२.४०

ठीक. कायद्याचं पटलं. पण मग माणसाने काहीच बोलायचं नाही? गिळायचं आणि घरी जायचं? माझ्याच्याने होणार नाही ते. साकीनाक्याला गेल्या वर्षी माझ्या मित्राला रिक्षाने उडवलं, खांदा निखळला. तेव्हापासून कुणी जवळून गेलं की मला तोच दिसतो.

---

मेघमुलुंड | गुरुवार, दुपारी १.०५

बिनधास्त, हे आधी सांगितलं असतं तर मी तसं तिखट लिहिलं नसतं. मित्र बरा आहे का?

बोलायचं नाही असं नाही. मी बोलते, पण समोरचा थांबलेला असेल, काच खाली असेल आणि माझा श्वास जागेवर असेल तरच. वाक्य ठरलेलं आहे: "दादा, खूप जवळून गेलात, मी पडले असते." एवढंच. शिवी नाही, 'डोळे फुटले का' नाही. 'मी पडले असते' हे शब्द महत्त्वाचे आहेत. 'तुम्ही असं केलंत' म्हटलं की माणूस लगेच स्वतःची बाजू मांडतो. 'मी पडले असते' याला त्याच्याकडे उत्तर नसतं. दहातले सहा-सात जण हात वर करतात किंवा 'सॉरी ताई' म्हणतात. उरलेल्यांना मी दुसरं वाक्य बोलत नाही.

रिक्षावाल्यांशी तर मला बोलता येतं असाच अनुभव आहे. रिक्षा एकदम डावीकडे घेते ती तुम्हाला मारायला नाही, फुटपाथवर कुणीतरी हात केलेला असतो. म्हणून मी रिक्षाच्या मागे असले की रिक्षाकडे बघत नाही, फुटपाथवर हात कोण वर करतंय ते बघते. हात दिसला की रिक्षा वळणार हे मला तिच्याआधी कळतं.

---

बिनधास्त | गुरुवार, दुपारी १.२०

मित्र बरा आहे. सायकल सोडली त्याने. म्हणून जास्त राग येतो.

हाताचं लक्षात ठेवतो. खरंच कधी सुचलं नव्हतं.

---

निवृत्त_चालक | गुरुवार, सायंकाळी ५.१५

सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाहीत, तिथे हेच टॅक्सीला लावा. आणि टॅक्सीचा पॅसेंजर डाव्या दरवाज्याने उतरतो, नेमका तुमच्या बाजूला.

---

गिरणगाव६० | गुरुवार, रात्री ८.४५

दरवाज्यावर लिहायचंच होतं. दरवाजा पूर्ण उघडला की जवळजवळ मीटरभर बाहेर येतो. ताशी २० किलोमीटरने चाललात तर सेकंदाला साडेपाच मीटर जाता. डोळ्यांना दिसून बोटं ब्रेकवर दाबेपर्यंतच एक सेकंद जातो, तेवढ्यात तुम्ही एक आख्खी गाडी पार केलेली असते. म्हणजे दरवाजा उघडल्यावर बघून उपयोग नाही. थांबलेल्या गाडीपासून दरवाज्याएवढं अंतर ठेवायचंच, आणि तेवढी जागा नसेल तर चालण्याच्या वेगाने जायचं.

आपण स्वतः गाडीत बसतो तेव्हाचं एक सांगतो, घरच्यांनाही शिकवा. दरवाजा लांबच्या हाताने उघडा. ड्रायव्हरने उजवा दरवाजा डाव्या हाताने, डावीकडे बसलेल्याने डावा दरवाजा उजव्या हाताने. तसं केलं की अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. माझा नातू सात वर्षांचा आहे, तो आता न सांगता तसंच करतो.

---

रानवारा | शुक्रवार, सकाळी ८.००

पावसाळ्याचंही कुणीतरी लिहा. हिंदमाताला पाणी भरलं की मी पाहिलंय, लोक सायकल तशीच घालतात.

---

गिरणगाव६० | शुक्रवार, सकाळी ८.४०

घालू नये. पाण्याखाली काय उघडं आहे ते कळत नाही. २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात एल्फिन्स्टन रोडजवळ उघड्या मॅनहोलमध्ये एका नामांकित डॉक्टरांचा जीव गेला, ते पायी होते. चाकाचा तळ दिसत नसेल तर उतरा, सायकल फुटपाथवर घ्या, नाहीतर परत फिरा. ऑफिसला फोन करा.

---

काळा_कोट | शुक्रवार, दुपारी २.१०

वेगळा ट्रॅक असता तर यातलं निम्मं लिहावंच लागलं नसतं, असं कुणी म्हणेल. तानसा जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरच्या ट्रॅकची योजना आपण किती वर्षं ऐकतोय. पवई तलावाच्या कडेचा ट्रॅक मे २०२२मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला, आणि तलावाच्या दृष्टीने ते योग्यच होतं असं मला वाटतं. रस्त्यावरचीच जागा मागायला हवी, तलावाची नाही. पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, इथे चेंबूरकरांचा प्रश्न राहू द्या.

---

चेंबूरकर | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ९.३०

धागा वर काढतोय. सांगण्यासारखं घडलं.

पहिला आठवडा काकांनी सांगितलं तसं आत येऊन चालवायला फार जड गेलं. पहिल्या दिवशी सायन हॉस्पिटलच्या पुढे मागून जो हॉर्न सुरू झाला त्याने खांदे कानाला टेकले. पण खरंच, गाड्या लेन बदलून जायला लागल्या. घासून जाणाऱ्या अजून आहेत, रोज एक-दोन. आधी मोजत नव्हतो, त्यामुळे किती कमी झाल्या ते सांगता येत नाही, पण संध्याकाळी मान आखडत नाही.

परवा हिंदमाताच्या अलीकडे काळी-पिवळी टॅक्सी थांबली होती. मी दरवाज्याएवढं अंतर ठेवून होतो, वेगही कमी केला होता. मागच्या काचेत एक डोकं हललेलं दिसलं आणि दरवाजा उघडला. मी थांबलो. चाक आणि दरवाजा यांच्यामध्ये हातभर जागा होती. उतरणारी बाई होती, एका हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, दुसऱ्या हाताने दरवाजा. केईएमला निघाली असणार. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ते पाकीट छातीशी धरून उभीच राहिली.

माझ्या तोंडात ते सगळं आलं होतं. मग मेघमुलुंड यांचं वाक्य आठवलं. म्हणालो, "ताई, मी पडलो असतो." आवाज थोडा कापला माझा. ती म्हणाली, "माझं लक्षच नव्हतं हो दादा. नवऱ्याला अॅडमिट केलंय." मी सायकल मागे घेतली, तिला फुटपाथवर जायला वाट दिली. टॅक्सीवाला मागे वळून तिला म्हणाला, "बाई, उतरताना मागे बघायचं," आणि मला म्हणाला, "चूक माझी, मी अजून कडेला घ्यायला हवी होती."

पुढे जाऊन फुटपाथवर चढलो. स्टँड लावला, पाणी प्यायलो, ब्रेक दाबून बघितले. रानवारा, हात थरथरत होता, पण ऑफिसला किल्ली पहिल्या फटक्यात लागली.

ते पांढऱ्या गाडीवाले गृहस्थ पुन्हा दिसले नाहीत. टीटीच्या सिग्नलला मी रोज बघतो. दिसले तर काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय.

पायी_चालणारी, आईंचा हात कसा आहे?

---

पायी_चालणारी | रविवार, सकाळी ९.५०

प्लास्टर निघालं. काल स्वतः चहा गाळला. तुमचं वाचून दाखवलं तिला, म्हणाली, त्या एक्स-रेवाल्या बाईचा नवरा कसा आहे ते विचार. आता तुम्हाला कसं माहीत असणार, पण तिने विचारायला सांगितलं म्हणून लिहिलं.

---

चेंबूरकर | रविवार, सकाळी १०.२०

आईंना नमस्कार सांगा. मलाही तेच विचारायचं राहून गेलं.

गिरणगाव काका, एक शंका. मान मागे वळवली की माझं हँडल थोडं उजवीकडे जातं, तुम्ही म्हणता तशी रेषा राहत नाही. आरसा लावला तर चालेल का?

---

गिरणगाव६० | रविवार, सकाळी ११.००

लावा, उजव्या हँडलला, कारण तुमच्या पुढे जाणारं सगळं उजवीकडून येतं. गोल, थोडा फुगीर काचेचा घ्या. फुगीर काचेत गाडी असते त्याहून लांब वाटते, ते लक्षात ठेवा. लेन बदलताना मात्र मान वळवायचीच. त्याचा सराव रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर करा: पांढऱ्या पट्टीवर चाक ठेवायचं आणि मागे बघून मागच्या गाडीचा रंग मोठ्याने सांगायचा. पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला मी माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सला असतो. या.